मातीतली नियत

“आपा, ये अपनेवालों का मुर्दा है क्या?”

आठवीतल्या एका मुलीने काचेला नाक लावून हा प्रश्न विचारला, तेव्हा आम्हांला पटकन उत्तर सुचलं नाही. पुण्याच्या डेक्कन कॉलेजच्या पुरातत्त्व संग्रहालयात आमच्या शाळेची सहल आली होती. पोरींना खरं तर शनिवारवाडा, सारसबाग आणि भेळ एवढंच हवं होतं. डेक्कन कॉलेज हा आमचा हट्ट. इतिहास शिकवायचा तर मातीतून निघालेली वस्तू मुलांनी एकदा तरी डोळ्यांनी पाहावी, हे बी.एड.ला पाठ-टाचणं लिहीत होतो तेव्हापासून मनात होतं. शिवाय आम्ही घोड नदीच्या काठचे. ज्या इनामगावच्या वस्तू तिथे मांडल्या आहेत ते गाव आमच्याच नदीवर, शिरूर तालुक्यात. आपल्या नदीचं पाणी तीन हजार वर्षांपूर्वी कोण पीत होतं, हे पोरींना कळावं एवढाच हेतू होता.

प्रश्नाला कारणही होतं. आधी त्या मुलीला तोटीचं मातीचं भांडं दिसलं आणि ती ओरडली, “आपा, बधना!” आमच्या जुन्या मशिदीत वजूसाठी असेच मातीचे बधने असायचे, असं तिच्या दादाने तिला सांगितलं होतं. त्यानंतर आम्ही शिकवण्याच्या भरात बोलून गेलो की हे लोक प्रेताचं डोकं उत्तरेकडे ठेवून दफन करत. त्यावर ती लगेच म्हणाली, “अपना बी सर उत्तर कोच रखते ना आपा?” दफन करतात, डोकं उत्तरेला, उशाशी बधना. आठवीतल्या पोरीने तीन पुरावे जोडून निष्कर्ष काढला. मोठमोठे विद्वानही याच रीतीने निष्कर्ष काढतात, हे आम्हांला पुढे वाचताना कळलं.

इथे वाचकांनी एक गोष्ट माफ करावी. या लेखातले “आम्ही” म्हणजे एकटीच. घरात दखनी आणि शाळेत उर्दू, त्यामुळे “हम” म्हणायची सवय लागली. मराठीत लिहायला बसलं तरी “मी” हा शब्द लेखणीतून उतरत नाही. बी.एड.च्या मराठीच्या बाई त्याखाली लाल रेघ मारत. पुढे काही ठिकाणी मात्र “आम्ही” म्हणजे खरोखरच दोघं आहोत. ते वाचता वाचता कळेल.

त्या दिवशी मुलीला सांगितलं, “घर जाके बताती.” आणि घरी आल्यावर पुस्तकं गोळा करायला लागलो.

इनामगावचं उत्खनन १९६८ ते १९८३ या काळात डेक्कन कॉलेजने केलं. ह. धी. सांकलिया, म. के. ढवळीकर आणि झेड. डी. अन्सारी यांच्या नावाने त्याचा मोठा अहवाल १९८८ साली निघाला. अन्सारी हे नाव वर्गात सांगितलं तेव्हा पोरींचे चेहरे फुलले होते, हे कबूल करायला हवं. आपल्यातला एक माणूस वर्षानुवर्षं उन्हात बसून परक्यांची हाडं ब्रशने साफ करत होता, याचं आम्हांलाही अप्रूप वाटलं. ती हाडं कोणत्या धर्माची, हे विचारून त्यांनी ब्रश हातात घेतला नसणार.

गाव वसलं इसवी सनापूर्वी सुमारे १६०० मध्ये आणि उजाड झालं ७०० च्या सुमारास. या नऊशे वर्षांत लोकांनी चौकोनी घरं बांधली, जव पिकवला, पाण्यासाठी पाट काढला, तांबं वापरलं. शेवटी शेवटी दिवस वाईट आले आणि ते लहान गोल झोपड्यांत राहू लागले. लिहिणं त्यांना माहीत नव्हतं. म्हणून त्यांचं सगळं बोलणं आपल्याला त्यांच्या वस्तूंकडूनच ऐकावं लागतं. आणि त्या वस्तूंत सर्वांत बोलक्या म्हणजे त्यांच्या कबरी. तिथे दोनशेहून अधिक दफनं सापडली. त्यांतली बहुसंख्य लहान मुलांची.

मूल गेलं की दोन मडकी घेत. राखी रंगाची, हाताने घडवलेली, जाडीभरडी. मूल त्यांत ठेवून मडक्यांची तोंडं एकमेकांना भिडवून ती आडवी ठेवत आणि खड्डा करून पुरत. गावाबाहेर नाही, तर घरातच. जमिनीखाली किंवा अंगणात. मोठं माणूसही घरातच किंवा अंगणातच पुरत, पण खड्ड्यात उताणं, डोकं उत्तरेला. आणि त्याचे पाय घोट्याच्या वरून तोडलेले. सोबत बहुतेक वेळा एक तोटीचं भांडं आणि एक वाडगा.

पाय का तोडले? उत्खनन करणाऱ्यांनी सुचवलेला अर्थ असा, की मेलेल्याने भूत होऊन भटकू नये. आपल्याकडे भुताचे पाय उलटे असतात असं म्हणतात, त्यामुळे वाचताना हा अर्थ चटकन पटतो. पण आमच्या मनात आलं, पाय तोडण्याचं कारण भीतीच असेल कशावरून? ज्याला घराच्या जमिनीतच ठेवलं, त्याची भीती एवढी असेल का? “तू परत येऊ नकोस” म्हणून पाय तोडता येतात, तसे “तू आम्हांला सोडून जाऊ नकोस” म्हणूनही तोडता येतात. कुऱ्हाडीचा घाव दोन्ही वेळा हाडावर सारखाच उमटेल.

यात एक अपवादही निघाला. पाच खोल्यांच्या एका मोठ्या घराच्या अंगणात चार पायांचा कच्च्या मातीचा मोठा रांजण सापडला. त्यात एक प्रौढ पुरुष पाय दुमडून बसवलेला होता आणि त्याचे पाय तोडलेले नव्हते. शेजारी धान्याचं कोठार. अभ्यासकांनी त्याला गावाचा प्रमुख ठरवलं. ते पटण्यासारखं आहे. मोठं घर, कोठाराशी जवळीक, वेगळं दफन, एवढ्यावरून मान कळतो. पण त्याचे पाय का राखले, तो मेल्यावर कुठे जाणार होता, याचं उत्तर रांजण देत नाही.

तिथलीच एक वस्तू आमच्या शाळेत वादाचं कारण झाली. एका घराच्या जमिनीखाली कच्च्या मातीची लांबट डबी निघाली. तिच्यासोबत बिनडोक्याची एक स्त्रीमूर्ती आणि एक बैल. मूर्तीच्या पोटाला भोक आणि बैलाच्या पाठीलाही भोक. काडी घातली की बाई बैलावर बसते. ही मातृदेवता, असं अभ्यासक म्हणतात. सहलीनंतर आम्ही या वस्तूचं चित्र फळ्यावर काढलं. दुसऱ्या दिवशी एका पालकांचा निरोप आला, “आपा बच्चों को हड्डियां और बुत दिखाती है.” मुख्याध्यापक साहेबांनी बोलावून घेतलं. रागावले नाहीत, पण म्हणाले, “लिखके दो, क्यों दिखाया.”

आम्ही लिहून दिलं. लिहिता लिहिता मात्र स्वतःच अडकलो. पालक म्हणाले बुत, अभ्यासक म्हणाले देवता. दोघांचाही त्या वस्तूच्या पूजेवर सारखाच भरवसा. पण लहानपणी आम्हीही घोड नदीच्या गाळाच्या बाहुल्या करत होतो आणि त्यांना आगपेटीच्या डबीत झोपवत होतो. काडी घालून बैलावर बसणारी बाई खेळणं का नसावी? मग याचंही उत्तर मिळालं. खेळणं अंगणात हरवतं, मोडून उकिरड्यावर जातं. ही तर डबीसह जपून जमिनीखाली ठेवली होती. म्हणजे ठेवणाऱ्याच्या लेखी तिला काही किंमत होती. इथपर्यंत पाय टेकतो. पण ती देवी होती की नवस होता, की गेलेल्या लेकीची आवडती बाहुली होती, हे ठरवायला पाऊल उचललं की खाली जमीन नसते.

क्रिस्टोफर हॉक्स नावाच्या ब्रिटिश पुरातत्त्वज्ञांनी १९५४ साली हीच गोष्ट सांगून ठेवली आहे. वस्तूंवरून माणसाकडे जायची जणू शिडी असते. वस्तू कशी घडवली, हे कळणं सोपं. लोक काय खात, कसे पोट भरत, हेही बरंच सोपं. समाज कसा होता, मोठा कोण आणि लहान कोण, हे अवघड. आणि धर्म, श्रद्धा, मनातली गोष्ट, हे सर्वांत अवघड. इनामगावला ही शिडी लावून पाहा. मडकं हाताने घडवलं हे बोटांच्या खुणांवरून कळतं. जव खाल्ला हे जळक्या दाण्यांवरून कळतं. प्रमुख कोण होता याचा तर्क घरावरून करता येतो. वरच्या पायरीवर पोहोचलं की हाताला काही लागत नाही.

आम्हांला हे समजायला साहेबाची शिडी लागली, याची नंतर थोडी शरम वाटली. मदरशात पहिल्याच वर्षी आपण शिकतो की अमल नियतीवर तोलला जातो. तीच नमाज, तेच रुकू, तेच सजदे. एकाची अल्लाहसाठी, दुसऱ्याची लोकांनी पाहावं म्हणून. बाहेरून पाहणाऱ्याला दोन्ही सारख्या. मातीत अमल राहतो. खड्डा कुठे खणला, डोकं कुठे ठेवलं, हाड कुठून तोडलं, हे सारं राहतं. नियत मात्र माणसासोबत जाते.

याचा एक प्रसिद्ध दाखला इराकमधला आहे. तिथल्या कुर्दी भागातल्या शानिदार गुहेत राल्फ सोलेकी या अमेरिकी संशोधकांनी निअँडरथल माणसांचे सांगाडे शोधले. १९६० साली सापडलेल्या एका सांगाड्याभोवतीच्या मातीत फुलांच्या परागकणांचे पुंजके निघाले. पन्नास हजारांहून अधिक वर्षांपूर्वी कोणी तरी आपल्या माणसाच्या अंगावर फुलं वाहिली, ही गोष्ट जगभर गेली. आपण ज्यांना रानटी समजत होतो त्यांनाही दुःख होतं, विश्वास होता, असं लोक आनंदाने म्हणू लागले. पुढे १९९९ साली जेफ्री सॉमर यांनी दाखवलं की त्या भागात उंदरासारखा एक प्राणी आहे, तो फुलं ओढून बिळात साठवतो. २०२३ साली आणखी एका अभ्यासाने सुचवलं की जमिनीत घरटं करणाऱ्या मधमाश्यांनीही ते पराग आणले असतील. ज्याला जग फातिहाची फुलं समजत होतं, ती कदाचित उंदराची बेगमी असेल. तिथे माणसं पुरली जात होती की नाही यावर अजूनही काम चालू आहे आणि २०१८ साली त्याच गुहेत आणखी एक सांगाडा सापडला. पण फुलांची ती गोष्ट आता पूर्वीइतक्या खात्रीने सांगता येत नाही.

हे वाचून आम्हांला वाईट वाटलं. फुलं खरी असावीत असं वाटत होतं. का वाटत होतं, ते आता सांगायला हवं.

आमची पहिली मुलगी एकोणीस दिवसांची होऊन गेली. ही गोष्ट घरात कोणी बोलत नाही. इथून पुढे “आम्ही” म्हणजे दोघं. मुलीला गुस्ल अम्मींनी, म्हणजे आमच्या सासूबाईंनी दिला. कफनात गुंडाळलेली ती एवढीशी गाठोडी तिच्या अब्बांनी दोन्ही हातांवर घेतली आणि ते बाहेर पडले. बाया उंबऱ्यापर्यंत. आमच्याकडे बाया कबरस्तानात जात नाहीत. दार लागलं आणि तासाभराने पुरुष हात धुऊन परत आले. कुठे ठेवली, किती खोल, वर फळ्या टाकल्या का, आम्ही काहीच विचारलं नाही आणि त्यांनीही सांगितलं नाही.

आता वाचकांच्या लक्षात येईल की त्या संग्रहालयात, तोंडाला तोंड लावलेल्या दोन मडक्यांपुढे, आठवीतल्या पोरीच्या प्रश्नाचं उत्तर आम्हांला का सुचलं नाही. आमच्या डोक्यात एकच गोष्ट फिरत होती. या बाईने आपलं मूल घराच्या जमिनीखाली ठेवलं होतं. ती त्यावर सारवत होती, चूल पेटवत होती, रात्री तिथेच झोपत होती. तिला कोणाला विचारावं लागत नव्हतं की कुठे ठेवलं. तीन हजार वर्षांपूर्वीच्या त्या बाईचा आम्हांला हेवा वाटला, हे लिहायला लाज वाटते, पण वाटला खरा.

मग पुस्तकांनी जमिनीवर आणलं. लहान मुलांना घरात पुरण्याची रीत जगात अनेक ठिकाणी सापडते आणि तिची कारणं एकच एक नाहीत. कुठे मूल अजून समाजात धरलेलं नसतं, म्हणून मोठ्यांच्या रीती त्याला लागू होत नाहीत. कुठे समजूत असते की ते पुन्हा त्याच घरात जन्म घेईल. कोणी म्हणतं, मडकं म्हणजे आईचं पोट, मूल जिथून आलं तिथे परत ठेवलं. कुठे साधी सोय. इनामगावची ती बाई रडली की नाही, हेसुद्धा मडकं सांगत नाही. तिची माया म्हणून आम्ही जे पाहिलं ते आमच्या घरातून सोबत नेलेलं होतं. रिकाम्या मडक्यात आम्हीच पाणी ओतलं आणि आम्हीच म्हणालो, बघा, भरलेलं आहे.

एकदा जेवताना मुलीच्या अब्बांना विचारलं, “तुमने क्या क्या रखा था उसके साथ?” ते घास तोंडात नेता नेता थांबले. म्हणाले, “कुछ नहीं रखते. कफन, बस.” बरोबरच आहे. आपल्या कबरीत काही ठेवत नाहीत. राजा असो की हमाल, शिवण नसलेलं कापड आणि माती.

त्या रात्री आम्ही एक खेळ मनात मांडला. आणखी तीन हजार वर्षांनी कोणी आमच्या गावचं कबरस्तान खणलं तर? समजा, तोवर सगळी पुस्तकं गेली, सगळ्या भाषा गेल्या. त्याला हाडं मिळतील. कबरीत भांडं नाही, दागिना नाही, हत्यार नाही. तो लिहील, “या लोकांचा मृत्यूनंतरच्या जीवनावर विश्वास नव्हता, कारण मृतासोबत त्यांनी काहीच दिलं नाही.” ज्यांच्या ईमानाचा आखिरत हा एक खांब आहे, त्यांच्याबद्दल हे लिहिलं जाईल! आणि इनामगावच्या कबरीत भांडी पाहून तो म्हणेल, “यांचा मात्र विश्वास होता.” पुढे त्याला दिसेल की दोन्हीकडे डोकी उत्तरेला. तो म्हणेल, धर्म एकच, फक्त नंतरचे लोक गरीब झाले. आमच्या मुलीचं डोकं उत्तरेला का, तर इथून किब्ला पश्चिमेला आहे आणि चेहरा तिकडे करायचा म्हणून. उत्तरेशी आपलं काही देणंघेणं नाही. इनामगावच्या माणसाचं डोकं उत्तरेला का, ते तो जाणे. दोन कबरी सारख्या, दोन कारणं वेगळी.

मग मातीला काहीच विचारू नये का? तसंही नाही. फ्रान्सच्या दक्षिणेला नीम नावाचं शहर आहे. तिथल्या तीन जुन्या कबरींचा अभ्यास २०१६ साली प्रसिद्ध झाला. सातव्या ते नवव्या शतकातल्या त्या कबरी. देह उजव्या कुशीवर, चेहरा आग्नेयेकडे. फ्रान्समधून मक्का त्या दिशेला येते. हाडांतल्या डीएनएवरून त्यांचं पितृकूळ उत्तर आफ्रिकेशी जुळलं. संशोधक म्हणाले, हे मुसलमान असावेत. कबरीत एकही वस्तू नव्हती, तरी श्रद्धा ओळखता आली. का? कारण अशी कबर का खणतात, हे सांगणारी माणसं आजही जिवंत आहेत आणि लिहिलेलंही शिल्लक आहे. कुलूप तिथेही होतं, फक्त किल्ली आपल्या खिशात होती. इनामगावच्या कुलपाची किल्ली घेऊन माणसं कधीच निघून गेली. तरी शेकडो दफनं एकत्र ठेवून पाहिली की एवढं नक्की कळतं की हे मन मानेल तसं केलेलं नव्हतं. मडकी दोनच, डोकं उत्तरेलाच. पिढ्यान्‌पिढ्या पाळलेली रीत होती. रीत होती म्हणजे तिच्यामागे काही तरी मानणं होतं. काय मानणं, हे विचारलं की माती गप्प होते.

हे सगळं आम्ही एका वहीत लिहून काढत होतो. सुट्टीत अम्मी शेजारी तांदूळ निवडत बसल्या होत्या. त्यांना लिहिता-वाचता येत नाही. “क्या लिखती इत्ता?” म्हणाल्या. आम्ही सोप्या शब्दांत सांगितलं, की जुन्या लोकांच्या कबरीत जे सापडतं त्यावरून त्यांचा दीन कळतो का, ते लिहिते. कबरीत काही ठेवायची आपल्याकडे रीत नाही, म्हणून आपला दीन खणून कळणार नाही, असंही सांगितलं.

अम्मींचे हात सुपात थांबले. बराच वेळ त्या काही बोलल्या नाहीत. मग म्हणाल्या, “मैं रखी.”

आम्हांला आधी कळलं नाही.

“बच्ची के हाथ में काले मन्यां बांधी थी ना मैं. गुस्ल को खोली. खोली तो हाथ पे मन्यों का निशान था. नन्हा सा. वो देखके मेरे से नहीं हुआ. फिर बांध दी. कफन के अंदर. किसी को नहीं बोली. मौलवी साब को बी नहीं. गुनाह है क्या?”

हा प्रश्न आम्हांला आठवीच्या मुलीच्या प्रश्नापेक्षाही अवघड वाटला. आम्ही अम्मींचा हात हातात घेतला आणि म्हणालो, “नहीं मालूम अम्मी.” इतकी वर्षं आमच्या वाट्याला मुलीचं काहीच नव्हतं. आता एक गोष्ट कळली. तिच्या मनगटाला काळे मणी आहेत.

तीन हजार वर्षांनंतरचा तो खणणारा ते मणी शोधून काढेल. काचेचे मणी टिकतात. शेकडो रिकाम्या कबरींत त्याला एकच अशी सापडेल. तो लिहील, “मेल्यानंतरही नजर लागते, असा या लोकांचा विश्वास होता.” किंवा, “हे उच्च कुळातलं मूल असावं.” तर्कशुद्ध असेल. त्याची चूकही काढता येणार नाही. आणि अम्मींच्या मनात त्या वेळी नजर नव्हती, कूळ नव्हतं, दीनाविरुद्ध काही करायचंही नव्हतं. एक खूण दिसली आणि हात थांबला, एवढंच होतं. ते अम्मींना माहीत आहे, आता आम्हांला माहीत आहे आणि ज्याला सगळंच माहीत असतं त्याला माहीत आहे.

इनामगावच्या त्या बिनडोक्याच्या बाईबद्दल, तोडलेल्या पायांबद्दल, रांजणातल्या माणसाबद्दल आता वाचतो तेव्हा दर वेळी वाटतं, इथेही एखादी अम्मी असेल. तिने रीत पाळली असेल किंवा मोडली असेल, आणि आपण तिच्या मोडण्याला धर्म म्हणत असू. असेल किंवा नसेल. सांकलिया, ढवळीकर, अन्सारी यांचं काम यामुळे कमी होत नाही. त्यांनी एकेक मडकं कुठे होतं, कसं होतं, हे मोजून लिहून ठेवलं, म्हणून तर आम्ही त्यांच्या अर्थावर शंका घेऊ शकतो.

अब्बांना अम्मींची गोष्ट त्याच रात्री सांगितली. ते काही बोलले नाहीत. दुसऱ्या दिवशी फजरनंतर म्हणाले, “चलो.” कबरस्तानच्या मागच्या बाजूला भिंत कमरेएवढीच आहे. तिथे मोटारसायकल उभी करून त्यांनी हात केला. कडुनिंबाच्या झाडापासून आत, लहान मुलांची एक ओळ आहे. दगड नाहीत, खुणा नाहीत, फक्त जमीन थोडी उंचसखल. “वो तीसरी,” ते म्हणाले. मग म्हणाले, “खोद बहुत कड़क थी. मुरूम लगा था.” एवढ्या वर्षांत त्या दिवसाबद्दल ते पहिल्यांदाच बोलत होते. आम्ही भिंतीच्या बाहेर उभं राहून दुआ केली. डोकं कोणत्या बाजूला, हे विचारावं लागलं नाही.

शाळा उघडल्यावर ती मुलगी नववीत गेली होती. सहलीचा अहवाल तिने तेव्हा दिला नव्हता, तो आता आणून दिला. उर्दूत लिहिलेली दोन पानं. शनिवारवाडा एका पानावर, संग्रहालय दुसऱ्या. शेवटी तिने आपलाच प्रश्न लिहून खाली उत्तर लिहिलं होतं. आपा घरी जाऊन सांगते म्हणाल्या होत्या, त्यांनी सांगितलं नाही, हेही लिहायला ती विसरली नव्हती. उत्तर असं होतं: या लोकांचा मजहब माहीत नाही. मूल मेलं की ते दोन मडक्यांत ठेवून घरातच पुरत होते.

आम्ही पुन्हा पुन्हा वाचलं. यापुढे एखादं वाक्य घालावं, असं फार वाटत होतं. लाल पेन हातातच होतं. पण दहापैकी दहा गुण दिले आणि वही परत केली.